पांढऱ्या रेशमाचा पन्हा

खरेदीत आपली फसगत होत नाही, असा माझा स्वतःबद्दल फार मोठा समज होता. औरादच्या बाजारात मी वांग्यांच्या टोपलीपाशी बसले की विकणारी बाई आधीच वैतागते. "बाई, घ्या न्हाई तर नका घिऊ, पर एकेक असं तपासू नका," म्हणते. पंचवीस वर्षे वह्या तपासण्यात गेली, वांगी तपासायची खोड तिथूनच लागली असावी. कापडाच्या दुकानात तर ठाण उजेडात नेल्याशिवाय, सूत ओढून बघितल्याशिवाय आणि दुकानदाराला दोनदा उठायला लावल्याशिवाय मी पर्स उघडत नाही. एवढा जिचा लौकिक, तिने पासपोर्ट काढून, विमानात बसून, परदेशी जाऊन कापडात चूक केली. आणि चूक माझ्या अक्कासाठी आणायच्या कापडात केली, याचे मला आजही वाईट वाटते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मला सांभाळायला घरी कुणी नव्हते म्हणून चौथीतून तिची शाळा सुटली, आणि मी शाळेत जायला लागले तरी तिची शाळा काही परत सुरू झाली नाही. तुरीच्या, मुगाच्या रानात ती मजुरीला गेली आणि बिदरला माझे शिक्षिकेचे शिक्षण झाले. हे ती कधी बोलून दाखवत नाही. मी बोलायला लागले तर म्हणते, "झालं का तुझं भाषण? भाकरी खा."

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत थायलंडला जायचे ठरले. आमच्या घरांनी आजोबांच्या काळात धम्म स्वीकारला. उदगीरचा एक गृहस्थ आमच्या भागातल्या लोकांना दरवर्षी अशा सहलीला नेतो, विहारे दाखवतो आणि अधूनमधून बाजारात सोडतो. आमच्या महिला मंडळातल्या सात जणी निघाल्या. मी जाणार हे कळले आणि एकेकाची यादी येऊ लागली. वहिनीला मोत्यांचा सर पाहिजे. शाळेतल्या दोघी बाईंना हत्तीचे चित्र असलेल्या पर्स पाहिजेत, "तिथं लई स्वस्त असत्यात म्हणं." मुख्याध्यापकांनी फार संकोचाने, दार लोटून घेऊन, पत्नीसाठी निळ्या खड्याची अंगठी सांगितली. आमच्या घरातून मात्र एकच सूचना होती, की परदेशात जाऊन साड्याबिड्या घेऊ नकोस, उदगीरला काय कापड मिळत नाही का?

अक्का काहीच बोलली नव्हती. निघायच्या चार दिवस आधी मी तिच्या गावी, चिंताकीला, तिला भेटायला गेले. ती शिलाई मशीनवर बसून कुणाचे तरी पोलके शिवत होती. मेहुणे गेल्यावर तिने मजुरी सोडून हे काम शिकून घेतले आणि याच मशीनवर एकुलत्या एका पोरीला नर्स केले. पोरीचे, म्हणजे माझ्या भाचीचे, लग्न ठरले होते. डिसेंबरात तारीख होती.

पायाचे पायडल न थांबवता अक्का म्हणाली, "पांढरं रेशीम मिळतंय म्हणं तिथं."

"मिळतंय की. कामून?"

"पोरीला लग्नात नेसायला. आपल्या बुद्धाच्या मुलखातलं." मग पायडल थांबवून तिने दोरा दाताने तोडला. "जमलं तर बघ. न्हाई तर ऱ्हाऊ दे."

आमच्यात नवरी पांढरे नेसते, हे इकडच्या लोकांना आता ठाऊक आहे. पण मी जागची हलले नाही, ते वेगळ्याच कारणाने. एवढ्या वर्षांत अक्काने मला काही आण म्हणून सांगितले, ते हे पहिलेच. मी नेलेली कोणतीही वस्तू ती "कशाला गं" म्हणून घेते आणि पेटीत ठेवून देते. त्यात तिने सांगितले काय, तर पांढरे कापड. तिच्या तोंडून पांढऱ्याचे नाव मी पंचवीस वर्षांत ऐकले नव्हते. त्याचे कारण मला माहीत होते, कारण त्या वेळी मी तिच्या शेजारीच उभी होते.

मेहुणे गेले तेव्हा अक्का एकतीस वर्षांची होती आणि भाची दोन. मला नुकती नोकरी लागली होती. पहिल्या पगारातून मी अक्काला बारीक निळ्या काठाची पांढरी सुती साडी घेतली होती. दुःखाला सहा-सात महिने झाले होते. एका पौर्णिमेला ती साडी नेसून अक्का विहारात वंदनेला आली. विहारात सगळ्याच बायका पांढऱ्या, त्यात ती एक. परत येताना पिठाच्या गिरणीपाशी गावातली एक वयस्कर बाई भेटली. तिच्याच शेतात अक्का मजुरीला जायची. बाई वाईट नव्हती, हेच तर अवघड आहे. तिने अक्काच्या पाठीवर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणले आणि म्हणाली, "बरं केलंस पोरी. आता हेच नेसत जा. शोभतंय तुला."

अक्का मान खाली घालून पुढे निघाली. मी शिकलेली, नोकरीवाली, पोरांना समतेचे धडे देणारी. मीही तिच्या मागे निघाले. 'अहो, हा आमचा वंदनेचा पोशाख आहे, हिच्या नवऱ्याच्या जाण्याशी याचा काही संबंध नाही,' एवढे एक वाक्य मला सुचले, पण ते घरी पोचल्यावर. घरी जाऊन अक्काने साडी सोडली, हिरवे लुगडे नेसले आणि कात्री घेतली. त्या साडीचे भाचीला दोन परकर झाले आणि उरलेल्याचे एका झबल्याला अस्तर. त्यानंतर अक्काने अंगाला पांढरे लावले नाही. एप्रिलमधल्या जयंतीला सगळा मोहल्ला पांढराशुभ्र होऊन मिरवणुकीला निघतो, तेव्हा त्यात एक गडद हिरवा किंवा वांगी रंगाचा ठिपका असतो, ती आमची अक्का. कुणी विचारले तर म्हणते, "माझा रंग मी बघते. तुमचा तुम्ही बघा."

तेव्हा हे पांढरे रेशीम मला आणायचेच होते. वहिनीचे मोती राहिले तरी चालतील, पण हे नाही.

परदेशातल्या खरेदीबद्दल मी काय सांगू. आमच्या सात जणींनी आठ दिवसांत जे केले त्याला खरेदी म्हणायचे की धाड, हे त्या दुकानदारांनाच विचारले पाहिजे. खड्यांच्या दुकानात शिरल्याबरोबर थंड सरबत देतात. ते प्यायले की माणूस मिंधा होतो, अशी त्यांची कल्पना. आमच्या बायकांनी दोन-दोन ग्लास घेतले, सगळे ट्रे काढायला लावले आणि "फिर आते" म्हणून निघाल्या. सहलीत बसवकल्याणच्या एक निवृत्त सिस्टर होत्या, त्या मात्र अडकल्या. त्यांनी आठ बोटांत आठ अंगठ्या घालून बघितल्या आणि त्यातल्या चार निघेचनात. साबण आणेपर्यंत दुकानातल्या मुली देवासारख्या शांत उभ्या होत्या. शेवटी तीन सुटल्या, चौथी विकत घ्यावी लागली.

मोती मी नीट पारखून घेतले. आमच्या आईने शिकवल्याप्रमाणे मोती समोरच्या दातावर घासून बघितला. खरा असेल तर खरखरीत लागतो. विकणारी पोरगी माझ्याकडे बघतच राहिली, तिला वाटले म्हातारी मोती खाते की काय. मग तिने तो हळूच कागदाने पुसून जागेवर ठेवला. खरखरीत लागला म्हणून मी सर घेतला, आणि वहिनी आजही सगळ्यांना सांगते की आमच्या नणंदेने दाताने तपासून आणलाय. हत्तीच्या पर्स घेतल्या. मुख्याध्यापकांची अंगठी घेतली. भाव करताना मी आपली दखनीत बोलत होते, "इत्ता नक्को जी, बराबर बोलो," आणि त्या पोरी त्यांच्या भाषेत. कॅल्क्युलेटर इकडून तिकडे जायचा. भांडण व्यवस्थित होत होते, भाषेची कुणाला अडचण आली नाही.

पांढरे रेशीम मात्र मिळेना. जिथे तिथे जांभळे, मोरपंखी, सोनेरी. शेवटच्या दिवशी जेवणानंतर आम्हाला एका कापडबाजारापाशी सोडले आणि बरोबर चारला बस सुटणार म्हणून बजावले. मी एकटीच निघाले. गल्ल्या हिंडून हिंडून चपलेचा अंगठा तुटायला आला, तेव्हा एका अरुंद दुकानात मागच्या फळीवर ते दिसले. दुधाच्या सायीसारखे, किंचित पिवळसर झाक असलेले पांढरे. हातमागाचे. हाताला थंड लागत होते. दुकानात माझ्यापेक्षा पाच-दहा वर्षांनी मोठी एक बाई होती, चष्म्याला साखळी लावलेली. तिने ठाण काढले आणि तिच्या मोबाइलमध्ये काहीतरी बोलली. मोबाइल शुद्ध हिंदीत म्हणाला, "क्या आप संन्यास लेने वाली हैं?"

मी दचकले. मग कळले, त्यांच्याकडे पांढरे नेसून बायका विहारात राहायला जातात. मी मोबाइलमध्ये सांगितले, "नहीं, शादी है."

तिने ते ऐकले, माझ्या न रंगवलेल्या केसांकडे बघितले, चष्मा वर केला आणि पुन्हा मोबाइलला काही विचारले. मोबाइल म्हणाला, "आपकी?"

मी एवढी हसले की ती बाईही हसायला लागली. मग मी सांगितले, बहिणीच्या मुलीचे लग्न आहे आणि आम्हीही बुद्धाचीच माणसे आहोत. तिने हात जोडले, मीही जोडले. तिथे मी विरघळले. सूत ओढणे, उजेडात नेणे, सगळे राहून गेले. कापड तिथे वारावर विकतात हे कळल्यावर तर मला तो आमच्या पेठेतलाच बाजार वाटायला लागला. मी सहा बोटे दाखवून सांगितले, सहा वार. वर ब्लाउजला एक. ती वार मोजायला लागली आणि मध्येच थांबून दोन्ही हात कापडाच्या आडव्या बाजूला लावून मला काही सांगू लागली. स्वतःच्या कमरेला हात लावला, मग पोटरीला लावला. मला वाटले, अंगावर कसे पडेल ते दाखवते आहे. मी मान डोलावली, "अच्छा है, अच्छा है."

तेवढ्यात मी अक्काला व्हिडिओ कॉल लावला. भाची रजेवर घरी आली होती, तिने फोन धरला. मी कापड कॅमेऱ्यापुढे धरले. पलीकडे काही वेळ नुसतीच अक्काची हनुवटी आणि छत दिसले, मग तिचा चेहरा आला. ती बघत राहिली.

"अक्का, दिसायलंय का?"

"दिसायलंय." मग ती लगेच शिंपीण झाली. "पन्हा बघितलास का? पन्हा किती हाय?"

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. लांबी वारावर कितीही मिळते, पन्हा मात्र ठाणाचा असेल तेवढाच. हे अक्काने मला पोलकी शिवताना शंभरदा सांगितले असेल. पण आपण साडी घ्यायला जातो तेव्हा पन्हा कोण बघतो? साडी पुऱ्या पन्ह्याचीच असते. दुसऱ्या हातातल्या घड्याळात चारला दहा मिनिटे होती. ग्रुपवर "बाई कुठं हाव, बस निघायलीय" असे तीन मेसेज येऊन पडले होते. दुकानातली बाई कात्री घेऊन उभी होती. "बघितला गं," मी म्हणाले. "सगळं बघून घ्यायलेय. मला कापड कळत न्हाई का?"

"बरं," अक्का म्हणाली.

मी पन्हा बघितला नव्हता.

औरादला आल्यावर तिसऱ्या दिवशी मी कापड घेऊन चिंताकीला गेले. भाचीने ते उलगडून गालाला लावले. अक्काने हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले आणि मगच कापडाला हात लावला. मी थायलंडच्या गोष्टी सांगत होते, संन्यासाची गोष्ट रंगवून सांगितली, भाची पोट धरून हसली. अक्का हसली नाही. तिने खाटेवर कापड पसरले आणि आडव्या बाजूने वितेने मोजले. एकदा मोजले. मग दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा मोजले. कापडाची घडी घातली.

"नेसून तर बघ," मी भाचीला म्हणाले. मला अजून काही कळले नव्हते.

भाची बापावर गेली आहे, चांगली उंच. आतल्या खोलीतून ती नेसून बाहेर आली तेव्हा मला पहिल्यांदा दिसला तो रंग, आणि माझ्या तोंडून "आई गं" निघाले, इतकी ती सुरेख दिसत होती. "छान आहे मावशी, एकदम छान," ती म्हणाली. पण तिचे उभे राहणे मला चमत्कारिक वाटले. जरा बसल्यासारखे, जरा वाकल्यासारखे.

अक्का म्हणाली, "सरळ हुभी ऱ्हा."

"सरळच आहे की."

"गुडघं सरळ कर."

पोरीने गुडघे सरळ केले आणि साडी घोट्याच्या वर चार बोटे गेली. लग्नाची साडी आणि खाली परकर, पैंजण सगळे उघडे. मला वाईट वाटू नये म्हणून पोरगी साडीच्या आत गुडघे मोडून उभी होती.

ते कापड त्यांच्याकडच्या बायका कमरेला गुंडाळतात त्या लुंगीसाठी विणलेले. दुकानातली ती बाई कमरेला आणि पोटरीला हात लावून मला तेच सांगत होती. मी मान डोलावत होते.

मी मटकन खाटेवर बसले. सारवासारव करायला लागले. काठ लावू, निळा काठ लावला की उंची होईल, आजकाल फॅशन आहे. बोलता बोलता माझे मलाच ऐकवेना. "अक्का, मी खोटं बोलले," मी म्हणाले. "पन्हा बघितलाच न्हाई मी."

"ठावं हाय."

"ठावं होतं तर फोनवर कामून बोलली न्हाईस?"

"तू म्हणालीस, मला कापड कळत न्हाई का." अक्काचा आवाज चढला नव्हता. ती चिडली असती तर मला बरे वाटले असते. "काठ नको. असल्या रेशमाला जोड देऊ नये. पोरीला उदगीरहून आणू दुसरी."

भाची मध्ये पडली, मी हीच नेसणार, उंच टाचेच्या चपला घालणार नाही म्हणजे बुटकी होईन, असे काहीबाही बोलू लागली. अक्काने तिला साडी सोडायला लावली आणि घडी करून पेटीत ठेवली. मी आजवर नेलेल्या सगळ्या वस्तूंबरोबर. परतीच्या बसमध्ये मी रडले. शेजारची बाई विचारायला लागली, "कुणी वारलं का?" तिला काय सांगू? अक्काने आयुष्यात एकदा काही मागितले आणि मी तेही अपुरे आणले.

पुढच्या रविवारी आम्ही तिघी उदगीरला गेलो. दुकानदाराने गादीवर पांढऱ्या साड्यांचा ढीग टाकला. मी एकही साडी निवडली नाही, तोंड शिवून बसले होते. एकदाच बोलले. पोरीची साडी पसंत झाली तेव्हा दुकानदाराकडून टेप मागून घेतला आणि पन्हा मोजला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, साडीचा पन्हा कोण मोजतं?" अक्काने तोंड फिरवले. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती, आणि तेवढ्यावर मला आठवडाभर बरी झोप लागली.

त्याच दिवशी मी अक्कासाठी मोरपंखी साडी घेतली. नवरीची आई आहे, ठळक दिसायला पाहिजे. तिने "कशाला गं" म्हणून घेतली.

लग्न औरादला एका मंगल कार्यालयात होते. दहाची वेळ. मी पहाटेपासून तिथेच होते. फुलवाल्याला ओरडले, आचाऱ्याला ओरडले, नवरदेवाकडच्या एका पाहुण्यालाही आचारी समजून ओरडले. साडेनऊला नवरी तयार झाली. नवी साडी तिच्या टाचेपर्यंत नीट पोचत होती, ते मी वाकून बघितले. अक्काचा मात्र पत्ता नव्हता. खोलीचे दार आतून लावलेले. मी वाजवले. "अक्का, लोक यायलेत. मोरपंखी नेसायला एवढा वेळ लागतो का?"

दार उघडले. अक्का पांढरे नेसून उभी होती.

तेच रेशीम. अक्का बुटकी आहे, माझ्या खांद्याला लागते. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, केस विंचरून घट्ट आंबाडा घातलेला. बाहेर हॉलमध्ये चिंताकीचे सगळे गाव जमलेले. त्यात गिरणीच्या गल्लीतलेही लोक होते, त्या म्हाताऱ्या बाईच्या सुना होत्या. मी फक्त "अक्का" म्हणाले.

"काय बघायलीस?" ती म्हणाली. "माझ्या लग्नात चुलतीची पिवळी मागून नेसवली होती मला. तवा कोण देतंय पांढरं रेशीम." पदर उगाच सारखा केला. "हे लग्नाचं पांढरं हाय. कुणी इचारलं तर तसं सांग."

"मी सांगते," मी म्हणाले. "सगळ्यांना सांगते." आणि मग मला रडू आवरेना, तर ती म्हणाली, "गप. डोळ्यातलं काजळ माझ्या साडीवर पाडशील."

मी डोळे पुसले. बाहेर वंदना सुरू व्हायची होती. अक्का उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. हॉलमधले लोक तिला दिसत होते. तिने पाऊल बाहेर टाकले नाही. मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात विचारले, "पन्हा बघ की गं. बरोबर हाय का?"

मी खाली बसले. निऱ्या सारख्या केल्या, मागे जाऊन टाच बघितली, पुन्हा पुढे आले. तिने आतून फॉल लावला होता, बारीक हातटाक्यांनी, अजिबात न दिसेल असा. एवढे काम एका दिवसाचे नव्हते. साडीची कड जमिनीला नुकती टेकत होती, चारी बाजूंनी सारखी.

"बरोबर हाय अक्का," मी म्हणाले. "बघितला मी."

ती बाहेर गेली. मी तिच्या शेजारून चालत होते.